कोरुनाचं बटण

बोहुश होता तोवर पैशाचं काम बोहुशचं होतं. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर आठ पाकिटं मांडायचा आणि निळ्या पेनाने प्रत्येकावर एकेक वार लिहायचा. शेवटच्या पाकिटावर 'शनिवार, परतीचा'. प्रोस्त्येयोवच्या, म्हणजे त्यांच्या गावच्या, चौकातल्या नोटा बदलणाऱ्या दुकानातून आपले कोरुना देऊन आणलेल्या कुना, समुद्राकडच्या देशाच्या नोटा, तो त्या पाकिटांत सारख्या वाटून ठेवायचा. तिकडे समुद्रावर पोचलं की रोज सकाळी त्या वाराचं पाकीट फोडायचं. संध्याकाळी त्यात काही उरलं तर आइस्क्रीम. नाही उरलं तर घरून आणलेल्या गुलाशची, मांसाच्या दाट रश्श्याची, बरणी.

बावीस जून त्यांनी असे काढले. माकार्स्का शहराच्या खालचं तेच गाव, घरमालकीण नेवेन्काच्या घरातली वरची तीच खोली. बोहुशने जन्मभर घरोघर फिरून विजेचे मीटर वाचले होते, त्यामुळे मोजून वापरण्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही. त्याच्या बायकोने, व्लास्ताने, एकतीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात पुरुषांच्या कोटांना बाह्या जोडल्या. कारखाना बंद पडला तेव्हा ती बोहुशला म्हणाली होती, "अर्ध्या देशाचे हात मी शिवलेत, आणि त्यातल्या एकालाही ओळखत नाही."

ज्या जानेवारीत तिकडे कुना जाऊन युरो आला, त्याच्या पुढच्या महिन्यात बोहुश गेला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही हे व्लास्ताला कळत होतं. तरीसुद्धा पुष्कळ दिवस तिच्या मनात येत राहिलं, बरं झालं, नाहीतर एवढ्या वर्षांची पाकिटं त्याला नव्याने मोजावी लागली असती.

त्या वर्षी ती गेली नाही. पुढच्या वसंतात नेवेन्काचं कार्ड आलं. जूनचा दुसरा आठवडा खोली रिकामी आहे, भाडं जुनंच, ये. व्लास्ताने ते फ्रिजवर लावलं आणि दोन आठवडे त्याच्याकडे बघत दूध काढलं, दूध ठेवलं. मग एक दिवस जाऊन तिने बसचं तिकीट काढलं. एक माणूस, खिडकीजवळ.

तिची मुलगी ब्लांका ब्रनोला एका कंपनीत लोकांचे पगार करायची. घरापासून तासभराची वाट, पण तिचं येणं महिन्यातून एकदा आणि फोन रविवारी अकराला. मध्येच व्लास्ताने केला तर पलीकडून दबक्या आवाजात यायचं, "आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते." हे 'नंतर' बहुतेक वेळा पुढच्या रविवारीच उगवायचं. व्लास्ता तिला बोल लावत नसे. कारखान्यात यंत्र चालू असताना तिलाही कोणाशी बोलता येत नव्हतं.

पण आई एकटी परदेशी निघाली म्हटल्यावर ब्लांका आली, आणि जेवण झाल्यावर ताटं बाजूला सारून तिने टेबलावर कागद पसरला. त्यावर तीन चौकोन काढले होते.

"हे बघ. पहिलं म्हणजे तुझं आत्ताचं कार्ड. चालेल तिकडे, पण प्रत्येक खरेदीवर ते वरून काहीतरी कापतात, आणि मशीनमधून रोख काढलीस की वेगळे शंभर कोरुना. हे नको."

"नको तर नको."

"दुसरं, आधी पैसे भरायचे आणि त्यांचे युरो करून ठेवायचे. भरले तेवढेच खर्च होतात. हरवलं तरी बाकीच्या खात्याला धक्का नाही."

"बाबांच्या पाकिटांसारखं."

"हो, फक्त पाकीट एकच. पण ते फोनवरून भरायला लागतं आणि तू पासवर्ड विसरतेस."

"मी पासवर्ड विसरत नाही. कागदावर लिहून ठेवते आणि कागद विसरते."

ब्लांका हसली. हसताना ती बोहुशसारखी खाली बघायची. "तिसरं म्हणजे माझ्या खात्यावरचं जादा कार्ड. तुझ्या नावाने मिळतं. परदेशात वरचं काही कापत नाहीत, हरवलं तर मी इथून बंद करू शकते. तू काही घेतलंस की लगेच मेसेज येतो, किती आणि कुठे."

व्लास्ता टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत होती. ती थांबली. "मेसेज कोणाला येतो?"

"मला. खातं माझं आहे ना."

"प्रत्येक वेळी?"

"ब्रेड घेतलास तरी."

"मग हेच घेऊ," व्लास्ता म्हणाली. "वरचे पैसे लागत नाहीत म्हणतेस ना. पण माझे आठ हजार आधी तुझ्या खात्यात टाकणार. फुकट नको मला."

आईने पहिल्यांदाच पटकन आणि शहाण्यासारखं ठरवलं याचं ब्लांकाला बरं वाटलं. निघताना दारात बूट चढवता चढवता ती म्हणाली, "आणि एक लक्षात ठेव, दुकानातलं मशीन विचारेल, कोरुना की युरो. युरोच दाबायचं." तेवढ्यात व्लास्ता तिच्या पिशवीत जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्या कोंबत होती, आणि एक बरणी काही केल्या मावत नव्हती.

*

बसमध्ये सामान चढवताना ड्रायव्हरने तिची पिशवी उचलून बघितली आणि विचारलं, "मावशी, समुद्रावर चाललाय की वेढ्यात अडकायला?"

"गुलाशच्या सहा बरण्या, डबाबंद मांसाचे चार डबे," व्लास्ताने सांगितलं. "आणि वरच्या डब्यात मांसाचे तळलेले काप आहेत, तो आडवा करू नका."

"ब्रेडच्या चुऱ्यात घोळवलेले?"

"मग काय मैद्यात?"

"आडवा करत नाही," तो गंभीरपणे म्हणाला आणि डबा स्वतःच्या सीटमागे ठेवला. बसमधल्या चाळीस माणसांच्या चाळीस डब्यांत तेच काप होते. सीमा ओलांडण्याआधीच सगळ्या बसभर त्यांचा वास सुटला. व्लास्ताने दोन खाल्ले. ती नेहमी दोनच खायची आणि बोहुश तीन. डबा पाचाच्या हिशेबाने भरला गेला होता.

नेवेन्काने दारातच तिला मिठी मारली, मग दूर धरून बघितलं. "वाळलीस गं."

"तू नाही वाळलीस."

"माझा नवरा जिवंत आहे, त्याच्यासाठी रोज रांधते, चव घ्यावी लागते." एवढं बोलून नेवेन्काने जीभ चावली. व्लास्ताने तिच्या दंडावर थोपटलं आणि जिना चढली. खोलीत दोन पलंग तसेच जोडून ठेवलेले होते. नेवेन्काने चादर मात्र एकाच पलंगावर घातली होती.

दुपारी ती खालच्या दुकानात गेली. पाव, टोमॅटो, पीच, दोन बाटल्या बिअर. एक पुरली असती. गल्ल्यावरच्या मुलीने कार्डाचं मशीन पुढे केलं. पडद्यावर दोन ओळी आल्या, एका ओळीत कोरुनाची रक्कम, दुसरीत युरोची. परक्या दुकानात, परक्या मशीनवर आपले कोरुना दिसले आणि व्लास्ताला एकदम बरं वाटलं, गर्दीत कोणी नावाने हाक मारावी तसं. तिने कोरुनाचं बटण दाबलं.

टोमॅटो पिशवीत घालते तोच फोन वाजला.

"आई, तू कोरुना दाबलंस ना?"

"दाबलं. आपलेच पैसे ते, मला वाटलं."

"म्हणूनच नाही दाबायचं. तिथलं मशीन आपल्या मनाचा भाव लावतं आणि फरक खिशात घालतं. मी सांगितलं होतं ना निघताना? पाच टक्के गेले बघ. युरो दाबलंस तर आपली बँक नीट भाव लावते."

"असं होय."

"असंच. पोचलीस नीट? बस कशी होती?"

"ड्रायव्हर चांगला होता. काप आडवे होऊ दिले नाहीत."

"खोली तीच?"

"तीच. पाणी निळं आहे. तुला आठवतं, तुझा एक बूट वाहून गेला होता इथे? लाल."

"बाबा पोहत गेले होते त्याच्यामागे," ब्लांका म्हणाली. "तीनशे कोरुनाचा बूट म्हणून. आणि परत आले ते भलत्याच कोणाचीतरी चप्पल घेऊन." मागे कुठेतरी ट्राम गेल्याचा आवाज आला. ब्लांका बाहेर होती, घाईत नव्हती. दोघी सात मिनिटं बोलल्या. व्लास्ताने नंतर फोनवर बघितलं, सात मिनिटं आणि काही सेकंद. मागच्या वर्षभरात इतकं लांबलचक बोलणं फक्त बोहुशच्या थडग्याला कोणता दगड लावायचा यावरून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अकराला फोन आला नाही. काल बोलणं झालंच होतं, म्हणून नसेल. बाराला व्लास्ता किनाऱ्यावरच्या टपरीवर गेली आणि तिने एक टोपी घेतली. टोप्या घरी दोन होत्या. मशीनवर दोन ओळी आल्या. तिचं बोट युरोच्या ओळीवर जरा थांबलं, आणि मग वर सरकलं.

फोन सहा मिनिटांनी आला. तोवर ती झाडाच्या सावलीत दगडावर, फोन मांडीवर ठेवून बसली होती.

"आई, पुन्हा?"

"अक्षरं बारीक असतात गं. ऊन पडतं त्याच्यावर."

"खालची ओळ. कायम खालची."

"खालची. जेवलीस का?"

"जेवतेय. काय घेतलंस तू?"

"टोपी."

"तुझ्याकडे टोप्या आहेत."

"ही पिवळी आहे."

या वेळी तीन मिनिटं झाली. एका टोपीमागे जे सहा-सात कोरुना उगाच गेले, ते व्लास्ताने मनातल्या मनात फोनच्या खर्चात धरले आणि तिला ते महाग वाटले नाहीत. पूर्वी टपाल कार्यालयातून परगावी बोलायला याहून जास्त लागायचे, आणि वर रांगेत उभं राहावं लागायचं. आपण काही चोरी करत नाही, पैसे आपलेच आहेत, असंही तिने स्वतःला सांगितलं. तरी परत येताना तिने नेवेन्काच्या नजरेला नजर दिली नाही.

सोमवारी तिने पोस्टकार्डं घेतली, पाच, आणि न बघता वरची ओळ दाबली. फोन वाजला नाही. तासाभराने वाजला.

"आई, ऐक, मला दोनच मिनिटं आहेत. मी विचार केला. आठवड्याभरात तुझे फार तर शंभरेक कोरुना जास्त जातील. त्यासाठी तुला रोज ओरडायचं म्हणजे माझाच मूर्खपणा. दाब तुला हवं ते बटण. सुट्टीवर आहेस, मजा कर."

"नाही, मी शिकेन ना. खालची ओळ."

"अगं जाऊ दे. खरंच. मी आता त्यावरून फोन करणार नाही, तुलाही शांतता."

"बरं," व्लास्ता म्हणाली.

पाचही पोस्टकार्डांवर एकच बेट होतं, वेगवेगळ्या उन्हात. पाठवायला माणसं दोनच आठवली. उरलेली तिने टेबलावर ओळीने मांडली आणि मग उचलून ठेवली, कारण तिला ती बोहुशच्या पाकिटांसारखी दिसायला लागली.

*

मंगळवारी व्लास्ताने ठरवलं की आता कार्ड काढायचंच नाही. ठरवायला फार जड गेलं नाही. पिशवीत गुलाशच्या पाच बरण्या होत्या, चार डबे होते, पाव शिल्लक होता. तिच्या देशातल्या माणसांना समुद्रावर आठवडाभर एक पैसाही न खर्च करता जगता येतं, यावरून तर इथले लोक त्यांना हसत आलेत. ब्लांका फोन करेल तर स्वतःहून करेल, बटणावरून नाही. व्लास्ताला बघायचं होतं, किती दिवस लागतात.

मंगळवारी ती सकाळी पोहली, दुपारी गुलाश गरम केला. बुधवारी पाव कडक झाला तो तिने गुलाशमध्ये बुडवून खाल्ला. पाण्यात असताना ती फोन पिवळ्या टोपीत, टोपी चपलेवर अशी ठेवायची आणि दर चार हातांनी वळून बघायची. शेजारी एक जर्मन कुटुंब छत्री रोवून बसलं होतं. त्यांच्यातल्या आजोबांना वाटलं, ही बाई आपल्याला सामानावर लक्ष ठेवायला सांगते आहे. ते मान हलवून हसले आणि दोन दिवस इमानाने तिची टोपी राखत राहिले.

गुरुवारी तिने फोन नीट चालतो की नाही हे बघायला नेवेन्काला खालून तिच्या नंबरावर फोन करायला सांगितलं. वाजला. "चालतोय," नेवेन्का जिन्यातून ओरडली, "आता काय बोलू?"

"काही नको. ठेव."

संध्याकाळी ऊन अजून भिंतीवर असताना नेवेन्का वर आली. हातात अंजिरांची बशी होती. बशी ठेवून ती गेली नाही. दुसऱ्या, चादर नसलेल्या पलंगावर बसली.

"एक सांगते, पण मी सांगितलं असं म्हणू नकोस."

"काय?"

"तुझ्या मुलीचा फोन आला होता मला. काल. आज पुन्हा."

व्लास्ता अंजीर हातात घेऊन तशीच राहिली. "तुला? का?"

"म्हणाली, कार्ड तीन दिवस हललं नाहीये. आई ठीक आहे ना, खाते ना, पडली वगैरे नाही ना. मी म्हटलं, अगं तिलाच विचार. तर म्हणते, तिला विचारलं तर ती सगळं छान आहे म्हणणार. बाबा आजारी होते तेव्हाही ती फोनवर सगळं छान आहे म्हणायची." नेवेन्काने गुडघे चोळले. "आणि म्हणाली, मी तिला कटकट करणार नाही असं सांगितलंय, आता फोन कुठल्या तोंडाने करू. आईला सांगू नका म्हणाली. मी हो म्हटलं. आता तू हे अंजीर खा, म्हणजे मी उद्या तिला खरं सांगू शकेन."

व्लास्ताने अंजीर खाल्लं. ब्लांका म्हणाली त्यात खोटं काही नव्हतं. बोहुशच्या शेवटच्या महिन्यांत तिने खरंच तसं सांगितलं होतं. ब्लांका यायला निघायची आणि ती म्हणायची, नको गं, छान आहे सगळं, तुझं काम सोडून कशाला. तीन दिवस आपण मुलीची परीक्षा घेत होतो, आणि मुलगी तिकडे न हलणाऱ्या कार्डाकडे बघत बसली होती. तिला शरम वाटली, आणि शरमेच्या खाली थोडंसं सुख वाटलं, आणि त्या सुखाची पुन्हा शरम वाटली.

तिने फोन उचलला, ब्लांकाचं नाव काढलं, आणि खाली ठेवला. फोन केला असता तर तिने काय सांगितलं असतं? सगळं छान आहे.

*

शुक्रवारी सकाळी लवकर ती बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात गेली. भिंतीकडेच्या टेबलाशी, जिथून बोटी दिसतात आणि ऊन डोळ्यांवर येत नाही. टेबल बोहुशने निवडलेलं होतं, कधीतरी, वीस वर्षांपूर्वी. बोहुशच्या पाकिटांत सकाळची कॉफी रोज धरलेलीच असायची.

कॉफी आणून देणारी नवी मुलगी आली. व्लास्ता बोटींकडे बघत होती.

"दोन कॉफ्या," ती म्हणाली.

मुलीने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "दुसरी ते आल्यावर आणू?"

तेव्हा कुठे व्लास्ताला आपलं तोंड काय बोललं ते ऐकू आलं. चूक दुरुस्त करायला एक शब्द पुरला असता. मुलगी पेन्सिल धरून उभी होती.

"नको," व्लास्ता म्हणाली. "आत्ताच आण."

मुलीने दोन कप आणले, एक तिच्यापुढे, एक समोर, प्रत्येकाशेजारी साखरेची पुडी आणि पाण्याचा छोटा पेला. मग मशीन पुढे केलं. वर कोरुना, खाली युरो. व्लास्ताने चष्मा घातला आणि खालची ओळ दाबली, नीट, सावकाश.

ब्लांका आता ट्राममध्ये असेल. तिला दिसेल, बंदर, चार युरो वीस. हलली, असं म्हणेल आणि फोन खिशात टाकेल. तेवढं पुष्कळ होतं. व्लास्ताने स्वतःच्या कपात साखर घातली. एक बोट सुटली, तिच्या मागचं पाणी बराच वेळ दुभंगलेलं राहिलं. तिची कॉफी अर्धी झाली होती तेव्हा फोन थरथरला. वाजला नाही, नुसता थरथरला. मेसेज होता.

'बाबांची पण?'

व्लास्ताने तो वाचला. चष्मा काढून पुसला आणि परत वाचला. चार युरो वीसचे दोन भाग पाडून तिची मुलगी ट्राममध्ये, लोकांच्या कोपरांत उभी राहून, बरोबर या टेबलाशी येऊन पोचली होती.

उत्तर लिहायला तिला फार वेळ लागला. पहिल्यांदा तिने लिहिलं, 'सगळं छान आहे.' ते एकेक अक्षर करून खोडलं. मग लिहिलं, 'हो. तोंडातून निघून गेलं. इथे फार एकटं वाटतंय.' ते पाठवलं, आणि फोन पालथा घातला.

समोरच्या कपावरची वाफ केव्हाच गेली होती. ती उठून त्या बाजूला गेली नाही. हात लांब करून तिने कप स्वतःकडे ओढला आणि बिनसाखरेची, बोहुश प्यायचा तशी, गार कॉफी पिऊ लागली. पैसे दिलेले होते, टाकून देणं तिला जमलं नसतं. कप संपायच्या आत पालथा फोन टेबलावर वाजायला लागला. दगडी फरशीवर टेबल जरासं डुगडुगत होतं, त्यामुळे समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढचा पाण्याचा पेलाही हलत होता.